केक माझा, पिशव्याही माझ्याच

प्रश्न: एक वाचक लिहितात की त्यांच्या घरी गाडी नाही. होती ती विकली, आणि तो निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. बाजारहाट पायी किंवा सायकलवर, लांब जायचं तर बसने. घरात चौघं, मुलं मोठ्या वर्गात. गेली काही वर्षं त्यांना बेकिंगची गोडी लागली आहे. आधी पाव, मग केक, बिस्किटं. पण ऐन वेळी बटर संपलेलं असतं, अंडी कमी पडतात, कुठल्याशा रेसिपीत भलतंच काही लागतं, आणि पुन्हा पिशवी घेऊन बाहेर पडावं लागतं. खांदे भरून येतात. एकदा अंड्यांचा अख्खा खोका फुटला. नवरा म्हणतो, ‘एक तर गाडी घेऊ, नाहीतर हा नाद कमी कर.’ त्या विचारतात: “हौस माझी आहे, तेव्हा ओझंही मीच वाहायला हवं, हे मला पटतं. पण मग हे असंच चालायचं का? त्यात पुढच्या महिन्यात नणंदेकडे कार्यक्रम आहे. तीन थरांचा क्रीमचा केक मीच करावा असा तिचा हट्ट आहे. दोन बस बदलून जायचंय. नाही म्हणू का?”

उत्तर:

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फुटलेल्या अंड्यांपेक्षा जास्त खटकलं. ‘हौस माझी आहे, तेव्हा ओझंही मीच वाहायला हवं.’ तुम्ही ते इतक्या सहज लिहून पुढे गेलात की त्यावर कुणी प्रश्न विचारील असं तुम्हाला वाटलंही नसावं. म्हणून मी विचारते. हे ओझं तुमच्या हौसेचं आहे, हे कुणी ठरवलं?

एक करून बघा. पुढच्या वेळी बाजारातून आलात की सामान लगेच जागेवर लावू नका. ओट्यावर दोन ढीग करा. एकीकडे फक्त बेकिंगसाठी आणलेलं, दुसरीकडे घरासाठीचं. साखर-तेलासारख्या दोन्हीकडच्या वस्तू घराच्या ढिगात ठेवा, कारण बेकिंग नसतं तरी त्या आल्याच असत्या. मग दोन्ही ढीग उचलून बघा. मी आत्ताच सांगते काय दिसेल ते. एका मध्यम पावाला ५०० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम कोरडं यीस्ट लागतं. सव्वातीनशे-साडेतीनशे मिलिलिटर पाणी लागतं ते नळातून येतं, ते तुम्ही वाहून आणत नाही. आठवड्याला दोन पाव केलेत तर झालं एक किलोच्या थोडं वर. चौघांच्या घरात रोज एक लिटर दूध लागत असेल तर दुधाचंच वजन आठवड्याला सात किलोंच्या पुढे जातं. त्यावर कांदे-बटाटे, तेल, कपड्यांचा साबण. तुमचे खांदे मैद्याने दुखत नाहीयेत. ते सगळ्या घराच्या सामानाने दुखताहेत, आणि बिल मात्र तुमच्या केकच्या नावावर फाडलं जातंय.

उलट मी तर म्हणेन, गाडी नसलेल्या घराला बेकिंग फार सोयीचं आहे. विकतचा पाव बहुतांशी हवाच असतो. पिशवीत तो सगळ्यात जास्त जागा अडवतो, वर काही ठेवलं की चेपतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा आणावा लागतो. तेवढ्याच जागेत पिठाची दोन-तीन पाकिटं मावतात. मैदा, साखर, मीठ, यीस्ट, सोडा या सगळ्या टिकाऊ गोष्टी आहेत, महिन्याला एकदा आणल्या की झालं. जी गोष्ट रोजच्या खेपा वाचवू शकते तीच तुम्हाला जास्तीच्या खेपा घालायला लावतेय, म्हणजे गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे.

ती मला तुमच्या पत्रातच सापडली. तुम्ही आधी रेसिपी निवडता आणि मग डबे उघडता. रेसिपी लिहिणाऱ्याला तुमच्या घरात काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पाव कप आंबट साय, दोन चमचे अमुक सरबत, एका संत्र्याची साल. प्रत्येक ओळ म्हणजे एक संभाव्य फेरी. गाडीवाल्यांचंही असंच होतं बरं का, फक्त त्यांना ते जाणवत नाही. किल्ली फिरवली, गेले, आले. त्यांचा विसराळूपणा त्यांच्या खांद्यांना कळत नाही, इतकाच काय तो फरक.

इथे मला दुकानातल्या ढकलगाडीची गोष्ट आठवते. १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणून घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन त्याने चाकांची टोपलीगाडी बनवली. सुरुवातीला लोक तिला हात लावेनात, तेव्हा त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि त्यांना दुकानात त्या गाड्या ढकलत फिरवलं. वजन हा खरेदीला लागणारा ब्रेक होता, आणि त्याला तो काढायचाच होता. तुमचा ब्रेक अजून शाबूत आहे. तो कधी दाबायचा हे फक्त आधी ठरवायला हवं. पार पिशवी भरल्यावर नाही, घरात यादी करतानाच.

तर क्रम उलटा करा. आधी फडताळ, मग रेसिपी. चार-पाच पदार्थ असे ठरवा की ते घरात कायम असलेल्या सामानातून होतील: एक साधा पाव, एक लोफ केक, एक बिस्किटाचा प्रकार, आणखी काही जे घरात आवडीने खाल्लं जातं. ते हातात इतके बसू द्या की वही उघडावी लागू नये. नवीन, अनोळखी सामानाची रेसिपी करूच नये असं नाही. पण ती मनात आल्या दिवशी करायची नाही, तिचं सामान पुढच्या ठरलेल्या फेरीच्या यादीत जाईल. आठवडाभर थांबल्यावरही ती करावीशी वाटली तर बेशक करा. (माझा अनुभव असा की निम्म्या रेसिप्या तेवढ्या वेळात मनातून उतरतात.)

यादीबद्दल एकच नियम सांगते: डबा रिकामा झाल्यावर लिहायचं नाही, शेवटचं पाकीट फोडताना लिहायचं. पीठ, बटर, यीस्ट, बेकिंग पावडर यांचं एकेक पाकीट नेहमी राखीव असावं. आणि यादी रेसिपीच्या क्रमाने न लिहिता रस्त्याच्या क्रमाने लिहा. सगळ्यात लांबचं काम आधी, जड सामान घराच्या सगळ्यात जवळच्या दुकानातून शेवटी, आणि बटर-दूध अगदी शेवटी.

आता साठवण. मैदा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्महिने राहतो. सालासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचं तसं नाही, त्यात अंकुराचं तेल असतं, ते खवट होतं. ते थोडंथोडं आणा किंवा थंडीत ठेवा. पिठाला किडे लागत असतील तर नवं पाकीट आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. यीस्टचं फोडलेलं पाकीटही हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका, आणि शंका आली तर चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटं वाट बघा. फेस आला तर जिवंत आहे. बेकिंग पावडरवर गरम पाणी ओतल्यावर ती फसफसली पाहिजे. बटर फ्रीझरमध्ये काही महिने खुशाल राहतं, म्हणजे ते प्रत्येक वेळी ताजं आणायची गरज नाही. आणि पाव? एका वेळी दोन भाजा. दुसरा पूर्ण गार झाल्यावर कापून फ्रीझरमध्ये, लागतील तशा चकत्या काढायच्या. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मात्र पाव ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षाही लवकर शिळा आणि कडक होतो.

एवढं करूनही कधीतरी काहीतरी संपेलच. तेव्हा चपला घालण्याआधी पर्याय आठवा. आंबट ताक हवंय आणि नाही? एक कप दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाच-दहा मिनिटं ठेवा. एक अंडं कमी आहे? एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवा. बिस्किटांत आणि साध्या केकमध्ये ती चालते, जिथे अंड्याचा फेसच केकला उचलून धरतो तिथे नाही. बटर संपलं आणि रेसिपीत ते वितळवूनच घालायचं असेल, तर १०० ग्रॅमऐवजी ८० ग्रॅम तेल घाला, कारण बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो. बटर आणि साखर फेटून फुगवायची असेल तर मात्र तेलाने काम होणार नाही. बेकिंग पावडर संपली तर एका लहान चमच्याऐवजी पाव चमचा सोडा आणि एक लहान चमचा लिंबाचा रस घ्या. पण मग मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही, लगेच ओव्हनमध्ये. बेकिंग पावडरचा जन्मच अशा अडचणीतून झालाय. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. तिला अंडीही चालत नव्हती, म्हणून त्याआधी त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती.

पावाला तुम्ही वेळेचा गुलाम होऊन बसता असं पत्रावरून वाटलं. ‘पीठ फुगायला ठेवलं की बाहेर जाता येत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. जाता येतं. फ्रीजमध्ये यीस्टचं काम संथ होतं, थांबत नाही. रात्री पीठ भिजवून झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी भाजा, नाहीतर संध्याकाळी भाजा, चवीला ते चांगलंच होतं. किंवा यीस्ट इतकं कमी घाला की घाईच उरणार नाही. ४०० ग्रॅम मैदा, ८ ग्रॅम मीठ, जेमतेम पाव लहान चमचा कोरडं यीस्ट, ३०० मिलिलिटर पाणी. चमच्याने कालवा, मळू नका, झाकून १२ ते १८ तास बाहेरच ठेवा. हवा गरम असेल तर आधी तयार होईल. पीठ चिकट, सैल आणि वर बुडबुडे आलेलं दिसलं की पिठाच्या हाताने गोळा वळून तासभर विसावू द्या. जाड बुडाचं, ओव्हनमध्ये चालणारं झाकणाचं भांडं २३० अंशांवर आधीच तापवा, त्यात गोळा अलगद सोडा, अर्धा तास झाकून आणि मग पंधरा मिनिटं उघडा भाजा. मधल्या सगळ्या तासांत तुम्ही बँकेत जा, भाजी आणा, झोप काढा. त्याला तुमची आठवणही येणार नाही.

आता वाहून आणायचं तंत्र, कारण अंडी पुन्हा फुटायला नकोत. सायकलच्या हँडलला पिशव्या लटकवत असाल तर आजपासून बंद. तोल जातो, वळताना हँडल ओढलं जातं, आणि पिशवी चाकाच्या तारांत गेली तर तुम्ही पडता. मागे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या पिशव्या घ्या, पीठ-साखर त्यांत, दोन्हीकडे वजन सारखं. अंडी मात्र कॅरिअरवर नकोत, तिथे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बसतो. टॉवेलात गुंडाळून, खोक्यासकट, पाठीवरच्या सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. तुमचं शरीर धक्के पचवतं. पायी जाताना एका खांद्यावर एक मोठी पिशवी नको. सॅक घ्या, जड वस्तू पाठीला लागून. त्याहून चांगली मोठ्या चाकांची ओढायची पिशवी. तुम्ही लिहिलंय की ती घेऊन फिरणं ‘म्हातारपणाचं लक्षण’ वाटतं. खांदे धरून बसण्यापेक्षा ते लक्षण परवडलं. (दुखणं पिशवी न उचलताही राहत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तिथे माझं काम संपतं.)

आणि सगळं सामान स्वतःच आणायला हवं असं कुठे लिहिलंय? महिन्याचं जड सामान, म्हणजे पीठ, साखर, तेल, साबण, घरपोच मागवा किंवा एकदा टॅक्सीने आणा. हलकं आणि नाशवंत तेवढं चालत. घरपोच मागवलं म्हणजे गाडीविना जगण्याचा नेम मोडला, असं काही नसतं. शेजाऱ्यांकडे गाडी असेल आणि ते ठरावीक दिवशी जात असतील तर सरळ विचारा, आणि बदल्यात पाव द्या. फक्त ते दोघांनाही आधी माहीत असू दे. उपकार हिशेबाबाहेर साचत गेले की पुढच्या वेळी दार वाजवणं अवघड होतं.

गाडीचं म्हणाल तर मी तिच्या विरोधात नाही. पण ‘गाडी घेऊ’ हे वाक्य बोलणं फुकट असतं, त्याचा हिशेब कागदावर करा. महिन्याचा हप्ता, विमा, इंधन, देखभाल, उभी करायची जागा. ही बेरीज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला महिन्यातून दोनदा टॅक्सी आणि घरपोच सामानाचा आकार. हा कागद नवऱ्याने करावा, कारण प्रस्ताव त्याचा आहे. गाडी घ्यायला इतर कारणं असतील, घरातल्या कुणाचं आजारपण, लांबची नोकरी, तर ती वेगळी चर्चा, ती जरूर करा. पण अंडी आणि मैदा हे गाडी घ्यायचं कारण होऊ शकत नाही.

हे झालं की पुन्हा त्या वाक्याकडे येऊ. नवऱ्याने तुम्हाला दोन पर्याय दिले आणि तुम्ही त्यांतून निवडायला बसलात. तिसरा पर्याय त्याच्या तोंडून आला नाही, तुमच्याही आला नाही: पिशव्या वाटून घेऊ. मी त्याला दोष देत नाही. पत्रावरून तो माणूस वाईट वाटत नाही, गाडी विकायला तो तयार झाला होता. बहुधा त्याला दिसतं ते एवढंच की बायको केकसाठी धावते आणि दमून येते. दुधा-साबणासाठी झालेल्या फेऱ्या त्याला दिसतच नसतील, कारण त्या रोजच्याच. म्हणून ते दोन ढीग करायचे ते तो घरी असताना करा. भांडण नको, भाषण नको. ‘हे माझ्या बेकिंगचं, हे आपल्या घरचं, उचलून बघ,’ एवढं पुरे.

आणि मग मोघम मदत मागू नका. ‘जरा हातभार लावत जा’ याला सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही. वस्तू वाटा. दूध आणि तेल त्याचं, येता-जाता तोच आणील, संपलं तर त्याचीच जबाबदारी. मुलं मोठ्या वर्गात आहेत म्हणता, तर एकाकडे भाजी, एकाकडे अंडी-पाव. पाव घरचाच असेल तर दुसऱ्याकडे फक्त अंडी, आणि ती फुटली तर फुटली. पहिल्या महिन्यात दूध एक-दोनदा संपेल. तेव्हा तुम्ही पिशवी घेऊन धावलात तर हे सगळं वाया गेलं. एक दिवस बिनदुधाचा चहा प्या. बेकिंगचं सामान तुमच्याकडेच ठेवा, हौसेचं ओझं म्हणतात ते तेवढंच, आणि ते तुम्हाला जड नाही हे आता तुम्हाला माहीत आहे.

उरला नणंदेचा केक. तयार तीन थरांचा क्रीमचा केक घेऊन दोन बस बदलायच्या, हे मी कुणालाही सुचवणार नाही. फेटलेलं क्रीम उबेत सैल पडतं, थर एकमेकांवरून घसरतात, आणि उभ्या गर्दीत खोका सरळ धरणं निव्वळ नशिबाचं काम. पण म्हणून नाही कशाला म्हणायचं? केक सुटा न्या. तिन्ही थर आधल्या दिवशी भाजा, पूर्ण गार करा, प्रत्येक थर वेगळा घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी ते पाटीसारखे टणक असतील, तसेच सपाट डब्यात एकावर एक रचा. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचेपर्यंत ते हळूहळू मऊ होतील. डब्याखाली ओलसर पिळलेलं फडकं ठेवलं तर तो पिशवीत सरकत नाही. बसमध्ये पिशवी सीटवर ठेवू नका, मांडीवर घ्या. क्रीम फेटायचं आणि केक लावायचा तो तिच्या ओट्यावर, पाहुणे यायच्या तासभर आधी. क्रीमऐवजी बटर आणि साखरेचं आयसिंग चालत असेल तर आणखी सोपं, ते घरून झाकणाच्या डब्यात करून नेता येतं आणि उबेत बराच वेळ दम धरतं.

तिला या आठवड्यातच फोन करा. तीन गोष्टी विचारा: फ्रीजमध्ये केकची ताटली मावेल एवढी जागा होईल का, फेटायचं यंत्र आहे का, आणि क्रीम तू आणून ठेवशील का. तिसऱ्या प्रश्नाला हो आलं नाही, तर साधा लोफ केक त्याच्या साच्यातच परत ठेवून घेऊन जा आणि क्रीमचा केक तिला विकत आणू द्या.